फलकावर न लागलेली नोटीस

कोरियन मालिकांचं वेड आमच्या सावेडीच्या घरात सूनबाईने आणलं आणि बायकोने ते डोक्यावर घेतलं. दुपारची जेवणं आटोपली की दोघी हिंदीत बोलणाऱ्या त्या कोरियन माणसांसमोर ठाण मांडून बसतात. मीही बसतो, पेपर आडवा धरून. तिथल्या पुरुषांचे प्रकार बायकोने ठरवून टाकलेत. एक आखडू श्रीमंत, नायिकेला आधी घालूनपाडून बोलणारा आणि दहाव्या भागात विरघळणारा. एक गुणी बिचारा, छत्री घेऊन मागे उभा राहतो आणि शेवटी हात हलवत घरी जातो. एक गोडबोल्या; तो दगा देणार हे तिला पहिल्याच भागात कळतं. आणि एक आईचा बाळ. त्याच्यावर तिचा फार राग. आई नायिकेच्या तोंडावर पाणी फेकते आणि हा खाली मान घालून उभा. "शेळपट मेला!" बायको म्हणते. मी पेपरचं पान उलटतो.

माझा प्रकार तिच्या यादीत नाही. असता तर मला या घरात चहा मिळाला नसता.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. तिथेच भूगोल शिकवायला एक बाई होत्या. ख्रिस्ती, वडीलही शिक्षक. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता बोलणं वाढत गेलं आणि वर्षभराने मीच तिला लग्नाचं विचारलं. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "चर्चमध्ये तुमचे लोक येणार नाहीत, मांडवात माझे. कचेरीत करू."

कचेरीतल्या लग्नाला आधी दोघांच्या सहीचा अर्ज द्यावा लागे. मग नोटीस तिथल्या फलकावर महिनाभर लागे, आणि कुणी हरकत घेतली नाही तर लग्न. दोघांनी सह्या केल्या. अर्ज नेऊन द्यायचं काम मी अंगावर घेतलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कचेरीपर्यंत गेलोही. फलकावर दुसऱ्या कुणाच्या दोन नोटिसा होत्या आणि आमच्या गावचा एकजण त्या वाचत उभा होता. आमची नावंही असाच कुणीतरी वाचणार आणि संध्याकाळच्या एस.टी.ने आईच्या कानावर घालणार. अर्ज पिशवीतच ठेवून मी परत फिरलो.

सोमवारी तिने विचारलं. मी म्हणालो, "दिला. पण कचेरीतले सगळे दुष्काळी कामांवर गेलेत. नोटीस लागायला वेळ लागेल." त्या साली ही थाप कुणालाही पटली असती. जिल्हाभर माणसं खडी फोडत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे. लोकांच्या पोटाला नाही, आपली काय घाई?" उपाशी माणसांच्या आड मी लपलो होतो, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दर शनिवारी ती वाट वाकडी करून, भर उन्हात, कचेरीवरून घरी जायची. सोमवारी सांगायची, "अजून नाही लागली." मी मान हलवायचो. असे नऊ शनिवार गेले. मध्ये मी गावी गेलो होतो. आई भाकरी वाढताना म्हणाली, "तुज्या मनात कोन आसंल तर सांग बाबा. आमी काय तुला खातो व्हय?" मी म्हणालो, कुणी नाही. ती नको म्हणाली असती का, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलंच नाही. त्या मालिकेतल्या शेळपटाला निदान आईने अडवलेलं असतं. मला कुणीच अडवलं नव्हतं.

दहाव्या शनिवारी तिने आत जाऊन कारकुनाला विचारलं. सोमवारी प्रार्थनेनंतर माझ्या टेबलाजवळ आली. "असा अर्ज आलेलाच नाही म्हणतात." मी काहीतरी बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. "सर, अर्ज कुठे आहे?"

मी पिशवीतून काढून दिला. घडीवर मळाची रेघ उमटली होती. तिने तो पर्समध्ये ठेवला, खडू घेतला आणि वर्गावर गेली.

मार्चमध्ये मी आईने पाहिलेल्या मुलीशी लग्न केलं. आठ दिवस रजेवर होतो. हळदीच्या हातांनी परत आलो तर टेबलावर निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा. महिनाभर मी तपासायच्या टाळल्या होत्या. माझे तास हेडमास्तरांनी तिला दिले होते, आणि तिने एकूण एक वही लाल शाईने तपासली होती, ऱ्हस्वदीर्घासकट, स्वतःचा विषय नसताना. वर चिठ्ठी होती: तीन मुलांच्या वह्या आलेल्या नाहीत, मागून घ्याव्यात.

त्याच दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत लग्नाचे पेढे वाटत होतो. तिच्यासमोर पुडा धरताना मला तिच्याकडे बघवलं नाही. तिने एक पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "सुखी राहा, सर." ती हे मनापासून म्हणाली होती. जूनमध्ये ती दुसऱ्या शाळेत गेली. तिने चारचौघांत मला शिवी दिली असती, तर पन्नास वर्षांत मी हे कुणापाशी तरी बोललो असतो.