वहिनींची आवराआवर

पाहुणे येणार म्हटलं की वहिनींच्या अंगातच यायचं. मग समोर नवरा आहे की नोकर, काही बघायचं नाही. पडदे धुवायला, जळमटं खाली, आणि ज्या वस्तूचा कान तुटलाय, पाय मोडलाय, तिची रवानगी मागच्या खोलीत. आपल्याकडे काय नाही ते पाहुण्याला कळता कामा नये, ही त्यांची खोड आईकडून आलेली. घरात साखर संपली की आई हसत हसत सांगायची, “आमच्याकडे सगळे बिनसाखरेचाच चहा घेतात, तुम्हीही घेऊन बघा, छान लागतो.” आणि पाहुणे बिचारे छान छान म्हणत प्यायचे. लेक आईच्या चार पावलं पुढे गेली, एवढंच.

गोष्ट घरापुरती असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण वहिनी एका केंद्राच्या व्यवस्थापक होत्या. पाय गमावलेल्या माणसांना तिथे नवे पाय बनवून मिळायचे, तेही फुकट. वहिनींचा नवरा तिथला मुख्य कारागीर. उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, भट्टीत प्लॅस्टिकचं शीट मऊ करून त्या साच्यावर बसवायचं, घासायचं, पट्टे लावायचे, हे त्याचं काम. साचे घ्यायला त्याच्या मदतीला चुनेकाका. त्यांचे हात कोपरापर्यंत कायम पांढरे, म्हणून चुनेकाका. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

हे सगळं चालायचं दूरच्या एका श्रीमंत देशाच्या सरकारच्या मदतीवर. त्या सरकारनं पूर्वी आपल्या संसदेत शब्द दिला होता, की देशाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरवर्षी बाहेरच्या गरीब देशांसाठी काढून ठेवू. त्यातला चिमूटभर वाटा इथे यायचा. आता तिकडे नवं सरकार आलं होतं आणि आपल्याच लोकांचं भागत नाही, तर बाहेरच्यांना एवढं कशाला, असा सूर निघाला होता. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही, प्रत्येकाला आपलं घर असतं. पण निर्णय होईपर्यंत इकडे येणारा नवा माल थांबला. मोठी भट्टी बंद पडली, ती तशीच, छोट्या भट्टीवर कसंबसं भागवायचं. शीटचा साठा कपाटाच्या तळाशी गेला.

केंद्रातले लोक त्या परक्या संसदेच्या बातम्या अशा ऐकायचे की जणू सगळे तिथले मतदार! आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे चुनेकाकांना सांगता आलं नसतं, पण तिकडचा अर्थमंत्री काल काय बोलला आणि त्यावर विरोधकांनी कसा गोंधळ घातला, हे तोंडपाठ. “हा माणूस आपल्याला बुडवणार,” ते प्लास्टर कालवता कालवता म्हणायचे, जसा काही तो मंत्री शेजारच्या गल्लीत राहतो.

वहिनींचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची धाकटी लेक चिमी. अगदी लहान असताना रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकखाली तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून बापानंच तिला पाय करून दिले. वाढतं पोर, त्यामुळे पाय दर वर्षी नवा लागायचा. आणि यंदा तर कार्टी ताडमाड वाढत होती. जुना पाय उंचीला कमी पडू लागला, वर घट्टही होऊ लागला. थोडं शीट उरलं होतं, नाही असं नाही. पण बाहेर नंबर लावून बसलेली माणसं असताना आपल्या पोरीचा नंबर आधी लावला, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. बापानं साचा घेतला नाही आणि वहिनींनीही तसं म्हटलं नाही. चिमी बुटात जुन्या घोंगडीची घडी घालून चालायची. केंद्र बंद पडलं, तर पुढच्या वर्षी घडी आणखी जाड करायची, त्याच्या पुढच्या वर्षी कुबड्या घ्यायच्या, दुसरं काय? वहिनी हे कोणापाशी बोलायच्या नाहीत, पण भांडी घासताना हात मध्येच थांबायचा.

आणि अशात निरोप आला. मदत चालू ठेवायची की कापायची, हे ठरवण्याआधी तिकडच्या संसदेच्या समितीतल्या एक बाई स्वतः केंद्र बघायला येणार.

झालं! वहिनींनी पदर खोचला. भिंतींना रंग लागला. बंद भट्टी ढकलत ढकलत मागच्या खोलीत गेली आणि त्या दारावर फुलांचा पडदा आला. रिकामं कपाट उघडं दिसू नये म्हणून त्यात तयार पाय ओळीनं मांडले, त्यातले निम्मे तर जुने, नुसते पुसून ठेवलेले. अंगणात गर्दी नको म्हणून सगळ्या रुग्णांना निरोप गेले, आज नको, उद्या या.

नवरा डोक्याला हात लावून बघत होता. “अगं, त्या मदत द्यायची की नाही हे बघायला येतायत. बंद भट्टी दिसू दे की त्यांना!”

“काहीतरीच काय बोलता, अहो? पसारा दिसला की म्हणतील, दिलेलं तरी यांनी कुठे धड वापरलंय. चार दिवस जरा गप्प बसा.”

“मी गप्पच आहे. लग्न झाल्यापासून.”

वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं खिडक्या पुसायला लागला.

पाहुण्या बाई आल्या. साध्या, उंच, पायात धुळीनं माखलेले बूट. बरोबर एक दुभाषा, तो सदा घाम पुसणारा. वहिनींनी हसून स्वागत केलं, चहा दिला (साखरेचा), सगळं हिंडून दाखवलं. बाई प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होत्या. मग वहिनींनी चिमीला हाक मारली. पोरीला सकाळीच बजावलेलं होतं, घडी नीट बसव, लंगडू नकोस, हसत चाल. आणि पोर चालली की हो! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताठ, दात दाखवत. बापानं तोंड फिरवलं, त्याला ते हसू काय आहे ते कळत होतं.

बाई अगदी खूश झाल्या. दुभाष्याला काहीतरी भरभरून सांगू लागल्या. तो म्हणाला, “बाई म्हणतायत, एवढं नीटनेटकं केंद्र त्यांनी कुठेच पाहिलं नाही. गर्दी नाही, माल भरपूर, मुलं मजेत चालतायत. आता तुम्ही स्वतःच्या पायावर उभे आहात, तुम्हाला आमची गरज उरली नाही, असं तिकडे जाऊन सांगताना त्यांना फार आनंद होईल.”

वहिनींच्या पायाखालची जमीनच सरकली. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, काढायचं कसं ते कळेना. बाई वही मिटून उठल्या. चुनेकाकांनी पांढऱ्या हातानंच कपाळ झाकून घेतलं. नवरा नुसता बायकोकडे बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

आयुष्यात पाहुण्यासमोर जे कधी केलं नाही ते करायचं, म्हणजे भर रस्त्यात डोक्यावरचा पदर उतरवण्यासारखं. वहिनींचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात चिमी भिंतीला टेकली. कोणी बघत नाही असं वाटून तिनं डावा पाय जरासा उचलून धरला, आणि तिचं तोंड कसनुसं झालं.

“बाई, थांबा,” वहिनी म्हणाल्या.

त्या लेकीपुढे जमिनीवर बसल्या, तिचा बूट काढला, आतली घोंगडीची घडी बाहेर ओढली आणि पाहुण्यांच्या समोर धरली. मग पट्टे सोडून पाय काढला. उरलेल्या पायावर बांधलेल्या पट्टीवर लालसर डाग होता. वहिनींना तो डाग माहीत नव्हता. पोरीनं सांगितलाच नव्हता, आईची आवराआवर चालू होती ना!

“हे असं आहे,” त्या दुभाष्याला म्हणाल्या, “सांगा त्यांना. मी खोटं दाखवलं. सगळं खोटं आवरून ठेवलं आणि माझ्या पोरीलासुद्धा खोटं चालायला लावलं. भट्टी बंद आहे. शीट संपत आलंय. कपाटातले निम्मे पाय जुने आहेत. आम्हाला तुमची गरज आहे, बाई. खूप गरज आहे.” एवढं बोलून त्या हमसाहमशी रडायला लागल्या. चिमी घाबरून आईच्या डोक्यावरून हात फिरवू लागली.

दुभाष्यानं सांगितलं. मग बाईही खाली जमिनीवर येऊन बसल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या.

“बाई म्हणतायत,” दुभाषा घाम पुसत म्हणाला, “आम्ही जिथे जातो तिथे सगळं असंच चकचकीत असतं. आम्ही परत जाऊन सांगतो की सगळं छान आहे. मग आमचे लोक विचारतात, छान आहे तर पैसे कशाला? त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे काही नसतं.” मग त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. “आणि विचारतायत, त्याच्या मागे काय आहे?”

वहिनींनी डोळे पुसले, उठल्या आणि पडदा सरकवला. मेलेली भट्टी, मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या. त्या खोलीचं दुसरं दार मागच्या गल्लीत उघडायचं. ते उघडलं तर बाहेर रुग्णांची ही रांग! उद्या या म्हणून निरोप दिलेली माणसं. कोणाला निरोप पोचला नव्हता, कोणाला पोचूनही पटला नव्हता. कुबडीवर टेकलेले एक आजोबा म्हणाले, “आम्ही उद्याचेच आहोत, वहिनी. जरा लवकर निघालो.” रडता रडता वहिनींना हसू फुटलं.

बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबल्या. एकेकाशी बोलल्या. जाताना स्पष्ट म्हणाल्या, मी काही वचन देऊ शकत नाही, मत सगळ्या सभागृहाचं असतं. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला खरं ते कळलं, बस.

मग वाट बघणं आलं. ते काही सांगण्यासारखं नसतं. चिमीनं जुना पाय काढून ठेवला आणि कुबड्या घेतल्या. आईनं तिला आता उगाच चालायला लावलं नाही. नवरा उरलंसुरलं शीट पुरवून पुरवून वापरत होता.

मतदानाच्या दिवशी चुनेकाकांनी मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला होता आणि एका रुग्णाच्या पायावर ओलं प्लास्टर थापत होते. तिकडचं बोलणं यांना शब्दानं कळत नव्हतं, खाली आपल्या भाषेत सरकणाऱ्या बातम्या तेवढ्या कळायच्या. एकदम काकांनी आरोळी ठोकली, “राहिला! हिस्सा तसाच राहिला! शब्द पाळला लेकांनी!” आणि नाचत सुटले ते थेट अंगणात. रुग्ण बापडा आतून ओरडतोय, “काका, प्लास्टर वाळतंय हो माझं!”, पण ऐकतो कोण? शेवटी साचा फोडून पुन्हा घ्यावा लागला, आणि त्या माणसाची काही तक्रार नव्हती.

वहिनी उंबऱ्यावर मटकन बसल्या. छातीवरचा एवढा मोठा धोंडा उतरला की आधी श्वास कसा घ्यायचा तेच सुचेना. आपल्या रडण्यानं हे झालं, असं काही त्यांना वाटलं नाही. अशी केंद्रं कितीतरी होती, मतं देणारे कितीतरी होते. त्या पाहुण्या बाई चर्चेत बोलल्या, एवढं चुनेकाकांनी सांगितलं. काय बोलल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं.

माल आला. भट्टी दुरुस्त होऊन पुढच्या खोलीत परत आली. अंगणातली रांग पुढे पुढे सरकली आणि एके सकाळी चिमीचा नंबर आला. बापानं तिचा साचा घेतला, फूटपट्टी लावून उजव्या पायाची उंची मोजली. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. पोरींचे फ्रॉक त्यांनी जन्मभर दोन बोटं लांबच शिवले होते, दुमडून घालायला, वाढत्या अंगाचे.

“अहो, थोडा उंच ठेवा ना,” त्या म्हणाल्या. “भराभर वाढतेय ती. जास्त दिवस जाईल.”

“पाय आहे तो, फ्रॉक नाही,” नवरा म्हणाला. “बरोबर मापाचा करतो. पुढच्या वर्षी पुन्हा करू.”

पुढच्या वर्षी. किती साधेपणानं म्हणाला! किती तरी दिवसांत त्या घरात हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. वहिनींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते या वेळी लपवले नाहीत.

“हो,” त्या म्हणाल्या, “अगदी मापाचा करा.”