पाण्याकडे पाठ

अंधेरीच्या स्विमिंग टँकवर ती रोज पाण्याकडे पाठ करून बसायची, मांडीवर मुलीचा टॉवेल धरून. आमच्या मुली एकत्र पोहायच्या, तरी तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मुलीच्या हातांचा सपसप आवाज ऐकत राहायची. आवाज जरा थांबला, की तिची बोटं टॉवेलात रुतायची.

अलिबागला समुद्रातली स्पर्धा ठरली, तेव्हा माझ्या डोक्यात नुसती सहल होती. "शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडू, खोली घेऊ, मस्त सुरमई खाऊ. रविवारी पोरी पोहतील. चला ना!"

ती म्हणाली, "अहो, पण समुद्रात आवाज कसा ऐकू येणार?"

शनिवारी सुरमई ताटात तशीच राहिली, माझे कान लाटांकडे लागले होते.

रविवारी शिट्टी झाली. मुलींच्या टोप्या लाटांत दिसेनाशा झाल्या आणि मी समुद्राकडे पाठ फिरवली. ती मात्र माझ्या पाठीला लागूनच, गुडघाभर पाण्यात समुद्राकडे तोंड करून उभी होती, टॉवेल छातीशी धरून. न वळताच तिनं मागे हात करून माझा हात पकडला.

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली. "दोघींना मी बघते."