साहेबाच्या पोथीचा सप्ताह

माणूस माकडासारख्या प्राण्यापासून झाला, हे मी ठाण्यात भर सभेत सांगितलं तेव्हा माझं वय पंचवीस होतं, आणि ज्या पुस्तकाच्या जोरावर सांगितलं ते मी अर्धंच वाचलं होतं. पुढची पानं कापलेलीच नव्हती. विलायतेहून येणाऱ्या पुस्तकांची पानं तेव्हा एकमेकांना जोडलेली असत, ती चाकूने एकेक सोडवावी लागत. मला तेवढा धीर नव्हता. इंग्रजी शाळेत नवा मास्तर झालो होतो, डोक्यावर नवी पगडी होती आणि बोलायची हौस दांडगी होती.

सभा टेंभीजवळच्या वाचनालयात होती. अध्यक्ष होते कल्याणचे एक पेन्शनर मामलेदार. पहिल्या बाकावर एक शास्त्रीबुवा आणि एक पाद्री बसले होते. या दोघांच्या वादाने गावाची वर्षानुवर्षं फुकट करमणूक केली होती. त्या संध्याकाळी मात्र शास्त्रीबुवा म्हणाले, सृष्टी ब्रह्मदेवाने केली. पाद्री म्हणाला, देवाने मातीतून माणूस घडवला. मग दोघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. मास्तर चुकतोय, एवढ्यावर त्यांचं एकमत झालं. ठाण्यात असा धार्मिक सलोखा घडवून आणल्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, म्हणून ते मी इथे स्वतःच घेऊन टाकतो.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण टाळ्या पडेनात, म्हणून मी जास्तीचं बोललो. म्हणालो, "अध्यक्षमहाराजांच्या गोत्राच्या ऋषींच्याही मागे मागे जात राहिलं, तर शेवटी एक शेपटीवाले आजोबा भेटतील." मागच्या बाकांवर हशा उसळला. मामलेदारसाहेब हसले नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कल्याणात भिक्षुकी करत. मामलेदारांच्या घरचं उपाध्येपण आजोबांपासून आमच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "भटजी, तुमच्या मुलाने त्याच सभेत उभं राहून शब्द मागे घ्यावेत. नाहीतर पितृपक्षात आमच्याकडे श्राद्ध सांगायला येऊ नका. माकडांच्या नावाने पिंड कसे पाडायचे, ते आम्हाला ठाऊक नाही."

मामलेदारांनी उपाध्या बदलला की बाकीची घरंही बदलणार, हे अण्णांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती घरं सोडून त्यांना दुसरं जगच नव्हतं.

ते आगगाडीने माझ्या बिऱ्हाडी आले. गाडीत कोण कोण बसलेलं असतं, म्हणून आधी विहिरीवर आंघोळ केली. मी उत्तरं घोकून तयार बसलो होतो. ते रागावतील, आईची शपथ घालतील, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "पुस्तक दाखव."

पुठ्ठा चामड्याचा, त्यामुळे ते त्याला शिवेनात. मीच पानं उलटून दाखवली.

"ही पानं चिकटलीयत का?"

"कापायची राहिलीत."

"म्हणजे वाचायची राहिलीत." त्यांचा चेहरा पडला. "अरे, अर्ध्या पोथीवर सांगता केलीस?"

शेपटीचं त्यांना काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं. जन्मात त्यांनी एक अध्याय गाळला नव्हता, यजमान पेंगत असला तरी. मला इतकी लाज वाटली, की मी पुस्तक मिटूनच टाकलं.

"सात दिवस राहतो," ते म्हणाले. "पुरी वाच आणि मला मराठीत सांग. खोटं निघालं तर शब्द मागे घे. खरं निघालं तर माझ्यासाठी घेऊ नकोस."

असा साहेबाच्या पोथीचा सप्ताह माझ्या खोलीत बसला. शाळेआधी आंघोळ करून मी पानं कापायची आणि अर्थ सांगायचा. अण्णा समोर पाटावर मांडी घालून ऐकायचे. कबुतरांचं प्रकरण त्यांना कंटाळवाणं वाटलं, पण उठले नाहीत. पोटातल्या मुलाच्या गळ्यापाशी माशाच्या कल्ल्यांसारख्या खुणा दिसतात, हे मात्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. सातव्या दिवशी शेवटचं पान झालं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"मग?"

"मला खरं वाटतं, अण्णा."

"बरं," म्हणाले आणि धोतर वाळत घालायला गेले.

पुढच्या सभेत वाचनालय ओसंडून वाहत होतं. मास्तर कान पकडणार, ही बातमी सगळीकडे झाली होती. मी उभा राहून कबूल केलं, की मागच्या वेळी अर्धवट वाचून बोललो, अध्यक्षांची थट्टा केली, दोन्हींबद्दल क्षमा मागतो; आता पुस्तक पुरं वाचलं आहे आणि माझं मत तेच आहे. एकच गलका झाला. तेवढ्यात मागून अण्णा उठले.

"मी सात दिवस ऐकलंय. मला सगळं पटलं नाही. पण पोराने बापाच्या भिडेने खोटं सांगितलं नाही. आणि माकडांचं म्हणाल, तर तर्पणात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना आपण पाणी देतोच. माकड त्यात कुठेतरी बसत असेलच की."

शास्त्रीबुवांनासुद्धा हसू आवरेना. मामलेदारसाहेब मात्र काठी घेऊन निघून गेले. आपण जिंकलो असं मला वाटलं, आणि पुढचे कित्येक दिवस मी ही हकीकत शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होतो.

पितृपक्षात मामलेदारांच्या वडिलांची तिथी आली. त्या दिवशी अण्णा तिकडेच जेवत, म्हणून आई घरी त्यांच्यापुरते तांदूळ टाकत नसे. त्या वर्षीही तिने टाकले नाहीत. मी कल्याणला घरीच होतो. अण्णा सोवळं नेसून, दर्भ आणि पळी-पंचपात्र जवळ घेऊन ओटीवर बसले होते. "तोंडाने बोलतील, पण बापाचं श्राद्ध माझ्याशिवाय करायचे नाहीत," म्हणाले. दुपार कलली. समोरून दुसरे एक भटजी मामलेदारांच्या घराकडे गेले. त्यांनी मान खाली घातली होती.

आईने पुन्हा चूल पेटवली.

मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती, पण कशाची, तेच ठरेना. अण्णांनी दर्भ नीट गुंडाळून बाजूला ठेवले.

"आता वेळच वेळ आहे," ते म्हणाले. "ते माशाचं पुन्हा एकदा सांग बघू."

मी पोटातल्या मुलापासून पुन्हा सांगायला लागलो.