विहीणबाईंच्या क्लासमधली बिनतेलाची वांगी

आमच्या निलेशचं लग्न ठरताना दाखवण्याचा कार्यक्रम रीतसर झाला, फक्त त्यात दाखवलं गेलं मला. तेही मोबाईलवर, हातात वांगी घेऊन.

झालं असं, की निलेशने पुण्याची रुचा पसंत केली. मुलगी सोन्यासारखी! पण तिच्या आई, सुमेधाताई, दर रविवारी मोबाईलवर ‘सजग स्वयंपाक’ नावाचा थेट क्लास घेतात. (सजग म्हणजे काय, तर तेल, साखर, मैदा आणि चव या चौघांपासून सावध राहायचं.) त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सुचवलं, "तुम्हीही या ना क्लासला. आम्ही घर बघायला येण्याआधी ओळख होईल."

"आई, त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत," निलेश म्हणाला. "आता सगळं तुझ्यावर आहे."

"मी काय आयुष्यात पहिल्यांदा वांगी शिजवतेय?"

"म्हणूनच भीती वाटतेय. आणि ऐक, माईक बंद ठेव."

"कशाला? खाली लूम चालू असताना कुणाला काय ऐकू जाणार!"

आमचं घर धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, वर आम्ही. शुक्रवारची सुट्टी सोडली तर सगळा वेळ खडखडाट. पण या खडखडाटाचा एक मोठा फायदा आहे. समोर पाहुणा बसलेला असताना त्याच्याबद्दल घरच्या माणसाच्या कानाशी खुशाल ओरडावं, चेहरा तेवढा हसरा ठेवावा. पाहुण्याला वाटतं, चहाचं विचारतायत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अंजूर गावच्या माझ्या सासूबाईंनी मला पहिली ही विद्या दिली आणि मग किल्ल्या.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसून ओट्यापाशी उभी राहिले. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला होता, त्याची वायर माझ्या कानात होती आणि सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. फोनमध्ये सुमेधाताई आणि टिकल्यांएवढ्या चौकोनांत बसलेल्या पंधरा-वीस बायका.

"आज आपण बिनतेलाची भरली वांगी करतोय," सुमेधाताई म्हणाल्या. "वांग्याला आधी मनापासून स्पर्श करा."

मी स्पर्श केला.

"काय बोलतं ती?" सासूबाई माझ्या कानाशी ओरडल्या.

"वांग्याला तेल लावायचं नाही म्हणतात!"

"त्याल न्हाय? मंग शिजवायची कशान, देवाच्या नावान?"

"तुम्ही चेहरा हसरा ठेवा हो! बाई दिसतेय फोनमध्ये!" मी दात दाखवत ओरडले. मग फोनवर वाकून साखर घोळवली, "किती छान सांगता हो ताई!" आणि सरळ झाल्यावर पुढे, "आमच्याकडे दुखणेकऱ्यालासुद्धा असलं घालत नाहीत!"

पद्धत अशी ठरून गेली. गोड बोलायचं ते वाकून, खरं बोलायचं ते उभ्याने. (माईक फोनमध्ये नसून माझ्या हनुवटीखाली लोंबणाऱ्या वायरीत आहे, हे मला कोण सांगणार?) मध्येच चौकोनांतल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. एकीचे खांदे हलत होते. मला वाटलं, मिरची परततायत.

"आता भांड्यात फक्त पाणी घाला," सुमेधाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा घट्ट झाला होता.

"घाल गो चार पळ्या त्याल," सासूबाई ओरडल्या. "तिला काय दिसतंय!"

"घातलं केव्हाच! कॅमेरा वर आहे, कढई खाली!" मी वाकले. "ताई, बिनतेलाचासुद्धा काय घमघमाट सुटलाय!"

"वा," सुमेधाताई म्हणाल्या.

"पोरगी पन अशीच हाय का गो, आयशीसारखी?" सासूबाईंनी चिंतेने विचारलं.

खरं सांगते, इथे मला भरून आलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "नाही हो! पोरगी लाखात एक आहे! ती हातची जाऊ नये म्हणून तर तिच्या आईचा हा पाणचट क्लास..."

आणि लाईट गेली. खालचे सगळे लूम एकदम गप्प झाले.

"...गिळतेय मी!"

एवढी शांतता आमच्या घरात शुक्रवारीसुद्धा नसते. फोन मात्र चालूच होता. निलेश जिन्यावरून धापा टाकत वर आला. "आई, माईक! रुचा कधीची मेसेज करतेय! ते ॲप मशीनचा आवाज गाळून टाकतं आणि माणसाचा तेवढा पुढे पाठवतं!"

आता उभ्याने बोलावं की वाकून, तेच मला सुचेना.

"तुमच्याकडे लाईट गेली का?" कानात सुमेधाताई अतिशय शांतपणे म्हणाल्या. "आवाज मात्र पहिल्यापासून स्वच्छ येत होता हो."

"ताई, मी... आम्ही... शुक्रवारी याल का? लूम बंद असतात."

"नको. लूम चालू असतील तेव्हाच येऊ. तेव्हा तुम्ही खरं बोलता."

त्या खरंच आल्या. तीच वांगी, उघडउघड तेलातली, मागून दोनदा खाल्ली. खाली लूम धडधडत होते. मग माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या आणि तशाच हसत रुचाच्या कानाशी काहीतरी ओरडल्या. मीही तोंडभर हसले. माझ्या कानांना कुठलं आलंय आवाज गाळणारं ॲप!

लग्न झालं. रुचा आता घरचीच आहे, म्हणून तिला मी अधूनमधून विचारते, "त्या दिवशी तुझी आई काय म्हणाली गं?" ती काही लपवत नाही, सगळं सांगते. फक्त हसऱ्या चेहऱ्याने, माझ्या सासूबाईंच्या कानाशी, आणि खाली लूम चालू असताना.