ज्ञात-अज्ञातांमधला रशीद

रशीद गेला हे मला त्याच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. दुपारी कब्रस्तानातून परत येताना पाहतो तो चौकात फ्लेक्स लागलेला. भावपूर्ण श्रद्धांजली! वर आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात, त्यांचा हात जोडलेला कमरेपर्यंतचा फोटो आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा रशीद. त्याच्या नावाखाली 'ज्येष्ठ पत्रकार'. पत्रकारिता सोडून त्याला जमाना झाला होता. पण तो खरं काय करत होता हे लिहिणार कसं? लिहिलं असतं तर वरचा फोटो उघडा पडला असता. मला तिथंच किळस आली. आता इतके आठवडे झाले तरी ती उतरलेली नाही, त्यामुळे हा लेख कडू होणार. होऊ द्या.

रशीद दुसऱ्यांसाठी लिहायचा. भाषणं, मनोगतं, मानपत्रं, मंगलाष्टकंसुद्धा, आणि शोकसभेत बोलायचे चार शब्द... जळगाव जामोदला बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. त्याचं सगळं लिखाण तिथूनच बाहेर पडलं, कारण त्याचं भिकार अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागतच नसे. आम्ही शाळेपासूनचे सोबती. एकमेकांना शिवी दिल्याशिवाय आमचा दिवस उजाडला नाही.

वर्तमानपत्राचं काम सुटलं तेव्हा तो दुकानात येऊन म्हणाला, "आता लिहूनच पोट भरीन." मी म्हटलं, "इथं? कोण बे तुले लिहायले सांगते?" तर म्हणाला, "ज्याले बोलता येत नाई तो." आणि गिऱ्हाईक शोधायची त्यानं एक भन्नाट रीत काढली. सत्कार असो, उद्घाटन असो, न बोलावता जायचं, मागच्या रांगेत बसायचं आणि कुणाचं भाषण पडतं ते पाहायचं. ज्याचं पडलं त्याच्या दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळी हा चहाला हजर. भाषणाचा विषयच काढायचा नाही. उलट विचारायचं, "शेठ, तुमचं त्या अमक्याशी काऊन वाजलं हो?" मग शेठ जो सुटायचा, तो चहा थंड झाला तरी थांबायचा नाही. रशीद म्हणायचा, "माणूस शिव्या देते ना, तवाच आपल्या खऱ्या बोलीत बोलते. दम कुठं घेते, कोणता शब्द घोळवते, सारं तिथंच समजते." पुढच्या कार्यक्रमात त्याच शेठच्या तोंडी असं भाषण यायचं, की खुद्द शेठला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं.

आणि इथूनच घाण सुरू व्हायची. चांगला टेलर सापडला तर लोक दहा जणांना पत्ता देतात. रशीदचा पत्ता मात्र लपवायचे. पिंपळगाव राजापासून साखरखेर्ड्यापर्यंत माणसं त्याच्या वाक्यांवर टाळ्या घेत होती, पण एकानं दुसऱ्याला त्याचं नाव सांगितलं नाही. रस्त्यात दिसला तर मान फिरवायचे हरामखोर! म्हणजे इतकी वर्षं काम करून प्रत्येक गिऱ्हाईक याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागायचं. माझं डोकं फिरायचं, आणि हा हसायचा. "तू काऊन तापून राह्यला बे दिन्या? कवळीवाला माणूस चारचौघांत कवळी काढून दाखवते काय?"

हसायचा खरा, पण एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती. छापलेल्या कागदावर, स्वतः लिहिलेल्या मजकुराशेजारी, एकदा आपलं नाव; वर्तमानपत्रातही त्याच्या बातम्या नुसत्या 'वार्ताहर' म्हणूनच छापल्या जायच्या. भाऊंचं आत्मचरित्र लिहायचं ठरलं तेव्हा भाऊंनी शब्द दिला होता, "रशीदभाई, आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून तुमचंच नाव." हा वेड्यासारखा राबला. भाऊंची सोडून गेलेली माणसं शोधली, त्यांच्या म्हाताऱ्या आत्याच्या पायाशी बसून आठवणी काढल्या. पुस्तक आलं. मोठा समारंभ झाला. आम्ही दोघांनी मागच्या खुर्च्यांवर बसून पानं चाळली. शब्दांकन वगैरे काही नाही. शेवटी एक ओळ, 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'. रशीदनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तो म्हणाला, "पाय बे, आपुन अज्ञातात लागलो."

पुस्तक तिथंच खुर्चीवर ठेवून तो घरी गेला. आणि थोड्याच दिवसांत त्याच भाऊंचं पुढचं भाषण घेऊन माझ्या दुकानात! मी ओरडलो, "थू तुझ्या जिनगानीवर!" तो शांतपणे म्हणाला, "दुसरं येते काय मले?"

त्याच्या शोकसभेत भाऊंनी खिशातून कागद काढला. "आज सातपुडाही मान खाली घालून उभा आहे..." दुसऱ्या वाक्यालाच मी कान टवकारले. हे मी टाइप केलेलं होतं! रशीदनं भाऊंसाठीच लिहिलेलं, पण एका म्हाताऱ्या पैलवानाच्या शोकसभेकरता. भाऊ वाचत गेले, "तालमीची माती अंगाला लावून त्यांनी पिढ्या घडवल्या." कुणी? रशीदनं? जिना चढताना ज्याला धाप लागायची त्यानं? सभागृहात कुणी हसलं नाही, उलट बायाबापड्या डोळे पुसत होत्या. रशीदनं जिथं थांबायला शिकवलं होतं तिथं भाऊ बरोबर थांबत होते. फक्त नाव तेवढं बदललं होतं. रशीदच्या लिखाणात रशीदचं नाव पहिल्यांदा आलं, ते असं. मी उठून बाहेर आलो.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीनं मला रशीदवर लेख मागितल्याचं कसं कोण जाणे, भाऊंच्या पीएला कळलं. तो दुकानात आला. "काका, लेख तुमी लिहा, पण वर नाव भाऊंचं टाकू. वजन येते." मी म्हटलं, "चल, हे रशीदच्या घरी येऊन बोल." बेशरम माणूस, आला!

समोरच्या खोलीत खिडकीजवळचं रशीदचं गादी घातलेलं तख्त तसंच होतं. मांडी घालून बसायची त्याची जागा खोलगट झाली होती, तिथं कुणी बसत नव्हतं. पीएनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, वर "भाभी, रशीदभाईंचाच मान वाढेल" हेही जोडलं. नजमाभाभी उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे तं गेले आता. भाऊले सांगजा, आपलं आपुन बोला."

तो गेल्यावर त्या पुढं आल्या आणि त्या खोलगट जागेवरची चादर हातानं सरळ केली. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "दिनकरभाऊ, नाव पुरं टाकजा," त्या म्हणाल्या. आणि मला लिहून घेता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, "शेख. रशीद. शेख. करीम."