ओच्यातलं बोंड

गावात कौसल्येला 'अळीवाली' म्हणत. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कळंबकडचा कापूस पोखरून टाकला, त्या वर्षी ही काही लाडाची हाक नव्हती. लोक फवारून फवारून अळी मारत होते आणि ही बाई रस्त्यावरच्या संशोधन केंद्रात अळ्यांना खाऊ घालून पगार घेत होती. नवरा उकंडा तर पाहुण्यांसमोर म्हणे, "लोकाईच्या बायका लेकरं पोसते, माही बायको अळ्या पोसून राह्यली." हसणारे हसत. कौसल्या भाकर थापत राही, पण ते तिला लागायचं.

केंद्रातल्या उर्वशी मॅडम दिग्रसच्या. त्यांनी तिला काम नीट समजावून दिलं होतं. अळीच्या अंगात हजारो जनुकं असतात. कोणतं काय करतं हे कळायचं तर एकेक बंद पाडायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. माणसाच्या आजारांचं मूळही उंदरांमध्ये असंच शोधतात म्हणे. कौसल्येनं ते आपल्या परीनं घेतलं होतं: फळीवरचा फ्यूज काढला की कोणत्या खोलीतला दिवा गेला ते समजतं. बीटी कापसातलं विष अळीच्या आतड्यात जिथे पकड घेतं, ती जागा घडवणारं जनुक मॅडमनी काही अळ्यांमध्ये तोडलं होतं. विषाला पकडच मिळेना, त्यामुळे त्या अळ्या बीटीची बोंडं खाऊन ठणठणीत होत्या. म्हणून त्या खोलीला दोन दारं, दोन जाळ्या आणि एक नियम: आतलं काहीही बाहेर जायचं नाही.

नियम कौसल्येला पाठ होता. तिच्या हाताला नव्हता. लहानपणापासून वेचणी केलेली बाई ती. खाली पडलेलं बोंड दिसलं की हात आपोआप वाकतो, बोंड उचलतो आणि लुगड्याच्या ओच्यात टाकतो. डोक्याला पत्ताही लागत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती अशी.

त्या दिवशी सकाळी मॅडमनी डबे तपासले आणि त्यांचा चेहरा उतरला. "कौसल्याताई, एक बोंड कमी आहे. जनुक तोडलेल्या अळीचं."

टेबलाखाली पाहिलं, केरात पाहिलं. आणि एकदम कौसल्येला काल संध्याकाळचा आपलाच हात आठवला. खराट्यासमोर अर्धवट उकललेलं बोंड, वाकलेला हात, एप्रनच्या आतला ओचा. घरी गेल्यावर रोजच्यासारखा तो तिनं कापसाच्या ढिगावर झटकला होता. गप्प राहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ते माह्या हातानं गेलं. घरी आहे."

जीप गावात शिरली तेव्हा उकंडा दारातच होता. ढीग घरात, ताडपत्रीवर. अळीच्या तावडीतून वाचलेला सगळ्या हंगामाचा कापूस तेवढाच. तिघांनी दार लावून मच्छरदाणी ओढली आणि मूठ मूठ कापूस चाळायला घेतला. बोंड सापडलं. देठाला केंद्रात खुणेसाठी बांधलेला दोराही होता. कौसल्येनं हुश्श केलं, बोंड उलटं केलं, आणि तिला गोल छिद्र दिसलं. अळी निघून गेली होती.

मग त्यांना अळ्या दिसू लागल्या. एक रुईत, एक सरकीत, आणखी दोन ताडपत्रीच्या घडीत. सगळ्या गुलाबी. शेतातून कापसाबरोबर आलेल्याही त्यातच. मॅडम एकेक नळीत घालत गेल्या.

"यातली तुही कोणती?" उकंडानं विचारलं.

कौसल्येनं नळ्या उजेडात धरल्या. रोज हातानं चारलेल्या अळ्या, पण एकीचाही चेहरा ओळखीचा नव्हता. "समजत नाई," ती म्हणाली.

"तपासणीला आठवडा लागेल," मॅडम म्हणाल्या. "ढिगात राहिली असेल तर तोवर पतंग होऊन उडेल. पण कापूस तुमचा आहे. जाळा असं मी म्हणू शकत नाही."

उकंडा भडकला. "वावरात लाखो अळ्या आहेत! एकीनं काय होते? कोणाले समजते?"

"मले समजते." कौसल्या म्हणाली. "ही उडून वावरात गेली तं उद्या कोणी म्हणन, वावरातली अळी यायनंच सोडली. मंग बीटी कायनं हरली, हे कधीच कोणाले सापडणार नाई. हे सारं कायले केलं मंग?"

उकंडानं ढिगाकडे पाहिलं. मग त्यानं ताडपत्रीची चारही टोकं धरली. गावाबाहेरच्या खड्ड्यात काडी त्यानंच ओढली. कापूस भडकून जळत नाही, आतून धुमसत राहतो. दुपारभर धूर गावावर होता. कौसल्या काठावर बसून ढसाढसा रडली. तो रिकामी ताडपत्री खांद्यावर टाकून एकटाच घरी गेला.

आठवडाभर त्यानं आपलं ताट आपणच वाढून घेतलं. मॅडमना वरून बोलणी खावी लागली, पण कबुली देणाऱ्या बाईला त्यांनी काढलं नाही. निकाल आला त्या दिवशी कौसल्या घरी परतली तर उकंडा उंबरठ्यावर बसला होता.

"सापडली तुही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सापडली," ती म्हणाली. "नळीतच होती. ढिगात नव्हती."

"म्हणजे कापूस उगाच जाळला."

"हो."

ती त्याच्या शिव्यांची वाट पाहत उभी राहिली.

"अन् बाकीच्या? आपल्या वावरातल्या?"

"त्याईचंबी तेच जनुक तुटलेलं निघालं. मॅडमनं तोडलं त्या जागी नाई, दुसऱ्या जागी. वावरातच तुटलं, आपसूक. बीटी खाऊन ज्या वाचल्या, त्याईचीच पिल्लं वाढत गेली."

उकंडानं समोरच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांकडे पाहिलं. कधी नाही ते त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.

"सकाळी लवकर आवर," तो म्हणाला. "सायकलनं सोडून देतो तुले. अळ्या उपाशी राहतीन."