तांब्याच्या गोळ्यांचं वाण

क्युपर्टिनोला असताना माझ्या बायकोचा एका टकल्यावर जीव जडला होता. टकल्या म्हणजे काँडोर, गिधाडासारखा पक्षी, पंख पसरले तर आमच्या स्वयंपाकघरात मावणार नाही एवढा.

बायको माझ्या व्हिसावर आलेली, तिला नोकरीची परवानगी नव्हती. घरात कंटाळते म्हणून मीच तिला ड्रायव्हिंग शिकवलं. लायसन्स हातात पडताच ती डोंगरात त्या पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या लोकांत सामील झाली. मी नवा शर्ट घातला तर तिला दिसत नसे. त्याचं एक पीस गळलं की मला जेवताना ऐकावं लागे. पक्ष्यावर कोण जळतं? मी जळायचो, चांगला करपेपर्यंत.

शिकारीच्या मोसमात तो आजारी पडला. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे असतात आणि ते पोटात गेले की हे पक्षी मरतात. त्याला पकडून दवाखान्यात नेलं. बायकोनं देवापाशी दिवा लावला. माझं ग्रीन कार्ड अडकलं तेव्हा लावला नव्हता. जाऊ दे एकदाचा, असं माझ्या मनात आलं.

आणि तो गेला. बायको दोन घास खाऊन उठायची. जिवंत होता तोवर त्याला नावं तरी ठेवता येत होती, आता तीही सोय गेली.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकू ठरवलं. डोंगराजवळच्या रँचवाल्याच्या बायकोलाही बोलावलं. त्यांच्या रँचवर दरवर्षी शिकार चालायची. बाईंना सोडायला आलेला रँचवाला हॅट मांडीवर ठेवून माझ्याशेजारी बसला. बाकी बायकांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या मिळाल्या. रँचवाल्या बाईंसाठी मात्र पक्ष्यांच्या टीममधल्या एकानं पेटी आणली होती, शिकाऱ्यांना फुकट वाटायच्या तांब्याच्या गोळ्यांची.

"अगं, हळदीकुंकवाला बुलेट्स? वेडी झालीस का?" एक काकू ओरडल्या.

"काकू, तांब्याच्या आहेत. पक्ष्यांना काही होत नाही."

तांब्याच्या गोळीचा नेम चुकतो, असं रँचवाला कुरकुरला. बायकोनं त्याला सांगितलं, आमच्यात वाण परत करत नाहीत. त्याच्या बाईंनी कपाळावरचं कुंकू सांभाळत पेटी मांडीवर ओढली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो मांडीवरची हॅट उगाच फिरवू लागला. मग माझी बायको त्याला तासभर रानातलं काय काय विचारत बसली. इतकं हसून ती माझ्याशी कधी बोलली होती, मला आठवेना. आता या हॅटवाल्यावरही जळणं आलं.

पुढच्या मोसमात त्याचा फोन आला. मीच उचलला. त्यानं मला हॅलोसुद्धा म्हटलं नाही, थेट तिला मागितलं. तांब्याच्या गोळीनं हरीण पडलं होतं, आतडी माळावर होती आणि वर पक्षी घिरट्या घालत होते.

तिनं गाडीची किल्ली घेतली. येतोस का, असं विचारलंही नाही. मी बूट घालून तिच्या आधी गाडीत जाऊन बसलो.

ती हातात पक्ष्यांच्या पंखांवर लावलेल्या यंत्राचा सिग्नल पकडायची अँटेना घेऊन आली आणि तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं.

"मागे बस ना. पुढे ही ठेवायचीय."

मी मागे बसलो.